बरं वाटलं तरी

बेबी छप्पन वर्षांची होती. या वयाच्या बाईला भर रस्त्यात बेबी म्हणून हाक मारली की लोक वळून बघतात आणि फ्रॉकमधली मुलगी दिसत नाही म्हणून जरा हिरमुसतात. पण शेंडेफळाला एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही, आणि हाक मारणारी थोरली बहीण हयात असेल तर मुळीच सुटत नाही. थोरली बासष्टची. तिला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले शेजारचे लाँड्रीवाले काकासुद्धा.

दोघींचं रफूचं दुकान होतं. दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी, खिडकीला लागून टेबल, टेबलावर भिंग बसवलेला दिवा आणि समोरासमोर दोन स्टुलं. मागच्या दोन खोल्यांत त्या राहत. ताईचा नवरा वारला तेव्हा बेबी चार दिवसांसाठी म्हणून पेटी घेऊन आली होती. त्याला बावीस वर्षं झाली आणि ती पेटी अजून पलंगाखालीच होती.

कोटाला सिगरेटने पडलेलं भोक, कसर लागलेला स्वेटर, खिळ्याला अडकून फाटलेली पँट, असलं सगळं त्यांच्याकडे येई. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि त्याच धाग्यांनी भोक विणून बुजवायचं. उभे धागे ताई घाली, आडवे बेबी. ताईचं झालं की कापड टेबलावरून पलीकडे सरके. त्यामुळे कुठलंच काम कधी एकीचं नसे. एकदा एक वकील आपल्या तयार कोटाकडे दहा मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, हा कोट माझा नाही, माझ्या कोटाला भोक होतं. हा किस्सा बेबी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवी आणि दर वेळी दोन मिनिटं वाढवी. शेवटी शेवटी तो बिचारा वकील अर्धा तास उभा राहू लागला होता.

कापडासारखंच बाकी सगळं टेबलावरून इकडून तिकडे सरके. बिस्किटांचा पुडा, वर्तमानपत्र, इतकंच काय, वाचायचा चष्मासुद्धा. नंबर सारखा नव्हता, पण दोघींना तो सारखाच चालत नसे, तेव्हा भांडण नव्हतं. एकीला सर्दी झाली की दोघी वाफ घेत. डोकं दुखलं तर गोळी मधोमध मोडून अर्धी हिने, अर्धी तिने. ज्या अर्थी तुझं दुखतंय त्या अर्थी माझंही दुखणारच, असा दोघींचा सरळ हिशेब होता.

त्या वर्षी ताईची बोटं धरू लागली. सुई पकडताना सांधे ठणकत. तिने दुखण्याच्या गोळ्या सुरू केल्या आणि त्या ती स्टुलावरून न उठता, मान खाली घातलेलीच, घोटभर थंडगार चहाबरोबर गिळू लागली. पाण्यासाठी उठायचं म्हणजे हातातले धागे सुटायचे. महिन्याभरात छातीच्या मधोमध जळायला लागलं. मग एक दिवस चहा गिळताना इतकं दुखलं की तिने कप खाली ठेवला आणि डोळ्यांत पाणी आलं. बेबीने दुकानाला कुलूप घातलं आणि तिला ओढतच दवाखान्यात नेलं. नेलं म्हणजे दारापर्यंत. आत जायची बेबीची छाती नव्हती. दवाखान्याचा वास आला की ती बाहेरूनच मागे फिरे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि ताईला पहिल्याच भेटीत मावशी म्हणाल्या. घशात फवारा मारून, नळी घालून त्यांनी आत बघितलं, एक तुकडा तपासायला काढला आणि मग चिठ्ठी लिहायला बसल्या.

"अन्ननलिकेत जखम आहे मावशी. अल्सर. पोटातलं आम्ल वर येतंय, आणि त्यात तुम्ही गोळ्या कोरड्या गिळता. त्या तिथेच चिकटतात आणि भाजतात. त्या आता बंद. ही कॅप्सूल सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास काही खायचं नाही, आणि आडवंही व्हायचं नाही."

"किती दिवस?"

"आठ आठवडे. आणि नीट ऐका. आठ-दहा दिवसांत जळजळ थांबेल. तुम्हाला वाटेल, झालं. झालेलं नसतं. दुखणं आधी जातं, जखम मागाहून भरते. बरं वाटलं तरी आठ आठवडे. मग मी परत नळी घालून बघणार."

ताईने मान डोलावली. मान डोलावण्यात ती कधीच मागे नव्हती.

घरी आल्यावर तिने नळीची नक्कल केली. ताई गप्प बसणारी बाई खरी, पण नक्कल करायला उठली की भल्याभल्यांची छुट्टी. मोजपट्टी तोंडाशी धरून तिने डोळे पांढरे केले, हातपाय झाडले, ओकारीचे आवाज काढले, आणि नळी पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली असं सांगितलं. बेबी पोट धरून हसली. लाँड्रीवाले काका काय झालं म्हणून धावत आले. हसता हसता बेबी म्हणाली, "मी मेले तरी मला कुणी नळी घालायची नाही, आत्ताच सांगून ठेवते." तेव्हा सगळेच हसले.

तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. दहाव्या दिवशी ताईची जळजळ थांबली, अगदी डॉक्टरीणबाईंनी सांगितली तशी. विसाव्या दिवशी ती विसरूनही गेली की आपल्याला काही झालं होतं. सकाळी कॅप्सूल घेऊन अर्धा तास ताटकळत बसायचा तिला कंटाळा येऊ लागला. अर्ध्या तासात एका स्वेटरचं कोपर निघतं.

आणि त्याच सुमारास, तिसरा आठवडा संपता संपता, बेबीने हातातलं कापड खाली ठेवलं आणि छातीवर मूठ ठेवली.

"काय गं?"

"काही नाही. तुझ्यासारखंच. जळतंय."

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस. थंडीपासून."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू नळी घालायला नेलं असतंस."

आता इथे ताईने कान धरून बेबीला दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण तिने काय केलं, तर उठली, कपाटातली औषधाची पिशवी आणली आणि टेबलावरून पलीकडे सरकवली. अडीच पाकिटं शिल्लक होती. पस्तीस कॅप्सूल. तीच खोली, तोच चहा, तशीच वाकून बसायची सवय, तेव्हा दुखणंही तेच असणार, यात तिला तिळमात्र शंका आली नाही. तिचं दुखणं तर गेलंच होतं. आणि बरं झालेल्या माणसाने औषध खात बसायचं नि समोरच्याने जळत बसायचं, हे तिला फार वाईट दिसलं असतं.

"सकाळी उपाशीपोटी. पेलाभर पाणी," ती डॉक्टरीणबाईंच्या आवाजात म्हणाली. "आणि अर्धा तास तोंड बंद. तुला जमायचं नाही."

बेबीला जमलं. आठवड्याभरात तिची जळजळ कमी झाली. तिने ताईचा हात हातात घेऊन सांगितलं की तुझ्या गोळ्या लाख मोलाच्या आहेत. घास मात्र ती लहान लहान घेऊ लागली. पाव चहात बुडवून खाई, मग नुसता चहाच पिई. ताई म्हणाली, बोलत बोलत खातेस म्हणून ठसका लागतो. बेबी म्हणाली, असेल. मध्ये एकदा बेबीचे कपडे अंगावर लोंबायला लागले म्हणून ताईने बाजूच्या शिवणी आत घेतल्या. महिन्याने परत घेतल्या. जुनं कापड ढिलं पडतं, असं ती स्वतःशीच म्हणाली, आणि हातासरशी गळाही आवळून दिला.

आठ आठवडे झाले तशी ताई एकटीच नळीला गेली. डॉक्टरीणबाईंनी आत बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गोळ्या रोज घेतल्या ना?"

ताईला त्या क्षणी शाळेतल्यासारखं वाटलं. गृहपाठ केला नव्हता आणि बाई वहीला हात घालत होत्या. बासष्ट वर्षांच्या बाईने सरळ सांगून टाकायला हवं होतं. पण तिची जीभ रेटेना.

"एकसुद्धा वाया घालवली नाही," ती म्हणाली. शब्दाला शब्द लावून पाहिला तर ते खोटंही नव्हतं.

"मग ही भरली का नाही?" डॉक्टरीणबाई तिच्यापेक्षा स्वतःलाच विचारत होत्या. "चांगल्या औषधाला आठ आठवडे दाद न देणारी जखम मला आवडत नाही मावशी. परत तुकडे काढलेत. जास्त काढलेत. आठवड्याने या, येताना घरचं कुणीतरी बरोबर आणा."

घरचं कुणीतरी आणा म्हटल्यावर न कळायला ताई काही कुक्कुलं बाळ नव्हती. ती घरी आली आणि स्टुलावर बसून राहिली. सगळं ऐकून बेबीचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"काय सांगू? माझ्या गोळ्या बहिणीने खाल्ल्या म्हणून? बाकावर उभं केलं असतं मला."

बेबी हसली नाही. तो सबंध आठवडा ती हसली नाही. कोटाच्या एका बाहीचे आडवे धागे तिने तीनदा उसवले. ताईला काही झालं असलं तर ते आपण तिच्या तोंडातलं औषध काढून घेतलं म्हणून, हे तिच्या मनाने घेतलं होतं. ताई उसनं अवसान आणून गिऱ्हाइकांशी बोलत राही, आणि बेबी तिच्याकडे टक लावून बघत बसे.

आठवड्याने बेबी दवाखान्यात आली. दारात थांबली नाही, आत आली, खुर्चीवर बसली, आणि डॉक्टरीणबाईंनी पाकीट उघडायच्या आधीच बोलून मोकळी झाली.

"डॉक्टर, तिने तीनच आठवडे घेतल्या. पुढच्या पाच आठवड्यांच्या मी घेतल्या. तिची चूक नाही. आता जे बघाल ते हे लक्षात घेऊन बघा."

डॉक्टरीणबाईंनी पाकीट उघडलं, वाचलं. "तुकडे स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "साधीच जखम आहे. अर्धवट औषधामुळे राहिली." ताईच्या जिवात जीव आला. ती बेबीकडे वळून काहीतरी फटकळ बोलणार होती, पण डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या बेबीकडे बघत होत्या.

"तुम्ही का घेतल्या?"

"जळत होतं."

"आणि?"

बेबीने ताईकडे बघितलं. "घास अडकतो."

"पाणी?"

"हल्ली कधीकधी पाणीसुद्धा."

"वजन किती उतरलं?"

"काय की. घरी काटा नाही."

"साडेतीन बोटं," ताई म्हणाली. ते तिच्या तोंडून आपोआप गेलं. आधी दोन, मग दीड. दोन्ही वेळा तिनेच टाचण्या लावल्या होत्या. आपण काय बोललो ते तिला दोघींच्या चेहऱ्यांवरून कळलं.

बेबीने नळी घालून घेतली. आतून आवाजही आला नाही. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "पायाच्या अंगठ्यापर्यंत नाही गं जात. थापाडी आहेस."

पुढच्या दहा दिवसांत सगळ्या तपासण्या झाल्या. अन्ननलिकेत गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. गिळता यावं म्हणून आत एक जाळीची नळी बसवता येईल, दुखू नये म्हणून औषध देता येईल, एवढंच. बेबी बाहेर बाकावर बसली होती तेव्हा ताईने दार लोटून घेतलं.

"मी गोळ्या दिल्या नसत्या तर?"

डॉक्टरीणबाईंनी खोटं सांगितलं नाही. "त्याआधीपासूनच होतं ते मावशी. गोळ्यांनी ते झालं नाही. जळजळ दबली, म्हणून तुम्हाला ते साधं वाटलं. लवकर आला असतात तर बरं झालं असतं, एवढंच मी म्हणू शकते." मग त्यांनी दुसरी चिठ्ठी लिहिली. "आणि तुमचं परत पहिल्यापासून. आठ आठवडे. आजपासून."

या सगळ्या बोलण्यातलं एकच वाक्य ताईच्या डोक्यात राहिलं. लवकर आला असतात तर. ती भांडी घासताना ते ऐके, सुईत दोरा ओवताना ऐके. बेबीला ती हे बोलली नाही.

बेबीचा पलंग त्यांनी पुढच्या खोलीत, खिडकीपाशी आणला. लाँड्रीवाल्या काकांनी एका बाजूने धरला. जाळीच्या नळीने सूप आणि दूध खाली जाऊ लागलं. पण बेबीला स्वतःच्या औषधापेक्षा ताईच्या कॅप्सूलची चिंता जास्त. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "घेतलीस?" ताईने तिच्या देखत घ्यायची, पेला रिकामा दाखवायचा, मग अर्धा तास पलंगाशेजारी ताठ बसायचं. वाकायचं नाही, सुई हातात धरायची नाही. बेबी घड्याळाकडे डोळे लावून पडे. एकोणतिसाव्या मिनिटाला ताई उठली तर परत बसवी. ताईला असा संताप येई की पेला भिंतीवर आपटावा. जी जखम भरल्याने न भरल्याने आता काही अडत नव्हतं, तिचे लाड चालले होते, आणि समोर बहीण विझत होती. पण ती बसे. तो अर्धा तास बेबीला फार आवडे.

चौथ्या आठवड्यात, एका दुपारी, बेबी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ताई, मी चिठ्ठी वाचली होती."

"कुठली?"

"डॉक्टरांची. पिशवीतच होती. तू मला गोळ्या दिल्यास ना, त्याच दिवशी वाचली. आठ आठवडे लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. मला कळलं होतं की तुझ्या उरल्यात. तरी घेतल्या. मला बरं वाटत होतं गं. परत द्यायचं जिवावर आलं."

ताईने तीन आठवडे जे तोंडात धरून ठेवलं होतं ते बाहेर पडलंच. "वेडे, मी दिल्या म्हणून तू डॉक्टरकडे गेली नाहीस. मी मारलं तुला."

"मी तशीही गेले नसते. घास अडकतोय हे मला थंडीपासून माहीत होतं. नळीची भीती वाटायची."

"ती भीतीसुद्धा मीच घातली. ती नक्कल."

बेबीने तोंड वळवलं. तिचे गाल आत गेले होते, त्यामुळे हसू मोठं दिसलं. "नक्कल मात्र फक्कड होती," ती म्हणाली. मग दोघी रडल्या. ताईने तिला पोटाशी धरलं आणि तिला हाडंच लागली.

त्या दिवसापासून बेबीने एकच धोशा लावला. ताईची नळी कधी? ती जखम भरली का? माझ्यामुळे राहिलेली भरली का? ताईने सांगितलं, आठ आठवडे झाल्याशिवाय बघत नाहीत. बेबी बोटांवर दिवस मोजी आणि मधेच थांबे. तिलाही दिसत होतं की बोटं पुरायची नाहीत.

"लवकर नाही का बघत त्या? विचार की. एकदा विचार."

ताई विचारायला गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ता छत्तीसावा दिवस. आत्ता बघून उपयोग नाही मावशी. अर्धवट भरलेली दिसली तरी औषध तेच चालू राहणार. उगाच कशाला त्रास?" ते बरोबरच होतं. ताईने वाद घातला नाही. ती बाहेर येऊन बाकावर बसली. नळीला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बसली, वर घसा बधिर व्हायला आणि उतरायला लागतो तेवढा बसली. मग घरी आली.

"बघितलं," ती म्हणाली. "खास तुझ्यासाठी बघितलं त्यांनी."

"मग?"

"भरली."

बेबी उठून बसायला लागली. ताईने पाठीला हात दिला. "पूर्ण?"

"पूर्ण."

"पडद्यावर दाखवली तुला?"

"दाखवली की. गुलाबी, गुळगुळीत. कुठे होती ते शोधावं लागलं. डॉक्टरच दोन मिनिटं शोधत होत्या."

"दहा," बेबी म्हणाली. "दहा मिनिटं सांग." आणि ती पडून राहिली, डोळे मिटून, कित्येक दिवसांत पहिल्यांदा कपाळावर एकही आठी नसलेली. "सुटले बाई," ती म्हणाली. ताई पलंगाच्या कडेला बसून राहिली. एवढ्या वर्षांत तिने बेबीला थापा ढीगभर मारल्या होत्या, पण खोटं असं हे पहिलंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी, खिडकीत ऊन असताना, बेबी गेली. श्वास लांब लांब झाला आणि मग पुढचा आलाच नाही. ताई बराच वेळ त्या पुढच्या श्वासाची वाट बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाँड्रीवाले काका चहा घेऊन आले. ताई स्टुलावर बसली होती. तिने त्यांच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून वीस मिनिटं आहेत." ते समोरच्या स्टुलावर बसायला गेले, थबकले, आणि उभेच राहिले. चहा गार झाला.

पाकिटात सतरा कॅप्सूल उरल्या होत्या. एकही घ्यायची तिला इच्छा नव्हती. खरं सांगायचं तर सकाळी उठायचीच इच्छा नव्हती. पण बेबीला ती सांगून बसली होती, आणि जे सांगितलं ते आता मागून का होईना, खरं करून ठेवणं भाग होतं. ती रोज उठे. पेलाभर पाणी घेई. तीस मिनिटं ताठ बसे, एकतीस बसे. समोर कुणी मोजणारं नव्हतं, म्हणून स्वतः मोजी. रफूचं काम आलं तर परत पाठवी. लोकांना ती सांगे, आडवे धागे घालणारी बाई नाही.

सतरा दिवस संपले आणि ती नळीला गेली. घशात फवारा मारला, नळी आत गेली. ताईने हातपाय झाडले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला.

"बघा मावशी. भरली. पूर्ण. काही राहिलं नाही."

ताईने बघितलं. गुलाबी, गुळगुळीत. तिने जशी सांगितली होती तशीच.

नळी निघाल्यावर ती उठून बसली. घसा अजून बधिर होता, जीभ जड झाली होती, शब्द तोंडातून ओबडधोबड निघत होते. "छत्तीसाव्या दिवशी," ती म्हणाली, "भरली असेल का?"

डॉक्टरीणबाईंचा गैरसमज झाला. रोज दहा जण त्यांना हेच विचारत असणार. "हेच ते," त्या जरा चिडूनच म्हणाल्या. "आधी थांबवलं असतं तर चाललं असतं का, हेच विचारताय ना? इतकं होऊनसुद्धा? बरं वाटलं तरी पूर्ण घ्यायचं, हे मी किती वेळा—"

"थांबवलं नाही. एक दिवस नाही. तुम्ही आत्ता नको म्हणालात ना, त्या दिवशी घरी जाऊन मी तिला सांगितलं, भरली. तिला ऐकायचं होतं. ते खरं होतं का, तेवढं सांगा."

डॉक्टरीणबाई हातमोजे काढता काढता थांबल्या. त्या तिच्या शेजारी, तपासणीच्या टेबलावरच येऊन बसल्या.

"असेल," त्या म्हणाल्या. "बऱ्याच जणांची तेवढ्यात भरते."

"बऱ्याच म्हणजे?"

"निम्म्याहून खूप जास्त."

"म्हणजे खात्री नाही."

"खात्री नाही मावशी. तेव्हा बघितलं असतं तरच सांगता आलं असतं."

ताईने मान डोलावली. मग तिला रडू आलं. पण घसा बधिर, त्यामुळे हुंदका नीट फुटेना, आवंढा गिळावा तर तोही गिळता येईना. ती तशीच, तोंड उघडं ठेवून, आवाज न करता रडत राहिली. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला, आणि बाहेर थांबलेल्यांना सांगितलं की जरा वेळ लागेल.